फॅरेडे यांचे लाल सोने

विद्युत मोटर आणि जनित्राचा पाया घालणारे मायकेल फॅरेडे शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असतात. उतारवयात त्यांनी सोन्यावर केलेले काम मात्र क्वचितच सांगितले जाते.

१७९१ मध्ये लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम. पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून ते विज्ञान शिकले. १८१३ मध्ये हम्फ्री डेव्ही यांचे मदतनीस म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागले आणि तिथलेच झाले. सिल्व्हर सल्फाइड तापवले की त्यातून वीज अधिक सहज वाहते, धातूंच्या अगदी उलट, हे त्यांनी १८३३ मध्ये नोंदवले. अर्धवाहकांच्या अभ्यासाची सुरुवात इथून मानतात.

१८५६ मध्ये पासष्टीला आलेल्या फॅरेडे यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. तरी त्यांनी नवा प्रश्न घेतला: धातू प्रकाशाचे काय करतो? सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला, तर पलीकडे हिरवा प्रकाश येतो. त्यांनी सायनाइडच्या द्रावणाने वर्ख आणखी पातळ केला. फॉस्फरस वापरून सोन्याच्या क्षारापासून त्याहून तलम पापुद्रे बनवले. या खटाटोपात माणकासारखे लाल पाणी मिळाले. ते स्वच्छ दिसे, पण त्यातून प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळे. म्हणजे सोने विरघळलेले नव्हते. त्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत होते. त्यात मीठ घातले की लाल रंग निळसर होई. धातू तोच, रंग निराळा!

फेब्रुवारी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडले. रंगबदल कणांच्या आकारामुळे होतो, हा त्यांचा तर्क. पण त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला ते कण दिसत नव्हते. पुरावा हाती न येताच १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९०८ मध्ये गुस्ताव्ह मी यांनी या रंगांचे गणित मांडले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने असे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे असल्याचे दाखवले. आज गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत किंवा कोविडच्या रॅपिड टेस्टमध्ये उमटणारी लाल रेघ बहुतेकदा अशाच सुवर्णकणांची असते. फॅरेडे यांच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्यातले सोने अजून लालच आहे.