औरंगाबादचा डिक्शनरीवाला

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या पहिल्या प्रॅक्टिकलची गोष्ट. आमच्या बॅचमधला मराठी मीडियमचा मुलगा शाळेत 'विद्युतधारा' शिकून आला होता, उर्दू मीडियमचा मुलगा 'बर्क़ी रौ' आणि मी कॉन्व्हेंटवाली, 'करंट'. जर्नलमध्ये अर्थातच तिघांनीही करंटच लिहिलं. पण बर्क़ी रौ हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. हे असले शब्द बनवतं कोण? त्या मित्राला विचारलं, तर तो म्हणाला की बनवणारा माणूस इथलाच, आपल्या गावचा. मी त्याला वेड्यात काढलं. पण तो फारसा चुकला नव्हता.

त्या माणसाचं नाव मौलवी अब्दुल हक. उर्दूवाले त्यांना बाबा-ए-उर्दू म्हणतात, म्हणजे उर्दूचा बाप. 'मौलवी' म्हटल्यावर माझ्यासमोर मशिदीतले गृहस्थ आले होते, पण हे पक्के अलीगढ कॉलेजचे ग्रॅज्युएट. जन्म 1870 चा, मेरठजवळच्या हापूडचा. अलीगढला सर सय्यद अहमद खान यांच्या हाताखाली वाढले, 1894 मध्ये बी.ए. झाले आणि नोकरीसाठी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आले. शिक्षण खात्यात चढत चढत शाळा तपासनीस झाले आणि बदली होऊन पोचले आपल्या औरंगाबादला.

1912 मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे आलं. संस्था 1903 ची, पण चालत नव्हती. अब्दुल हक यांनी 1913 मध्ये तिचं ऑफिसच औरंगाबादला आणलं. पुढची पंचवीस वर्षं, म्हणजे 1938 पर्यंत, सगळ्या हिंदुस्थानातल्या उर्दूचं हेडऑफिस दिल्ली नाही, लखनौ नाही, तर आपल्या शहरात होतं! इथे प्रेस होता. इथून 'उर्दू' नावाचं त्रैमासिक 1921 पासून निघत होतं आणि 1928 पासून 'सायन्स' नावाचंही. उर्दूत सायन्सचं मॅगझिन, तेही औरंगाबादहून. मी इथेच वाढले, मला हे कोणी सांगितलं नाही.

तिकडे हैदराबादला निजामाने उस्मानिया विद्यापीठ काढायचं ठरवलं होतं, ज्यात विज्ञान, वैद्यक सगळं उर्दूत शिकवायचं. पण पुस्तकं कुठे होती? म्हणून 1917 मध्ये भाषांतराचं एक खातं काढलं, दारुल तर्जुमा, आणि त्याचे पहिले प्रमुख झाले अब्दुल हक. इंग्रजी पुस्तक उघडलं की पानापानावर असे शब्द, जे उर्दूत नव्हतेच. मग समित्या बसायच्या आणि भांडणं व्हायची. एका पक्षाचं म्हणणं, शब्द अरबीतून घडवा, भारदस्त वाटतात. थर्मामीटरला 'मिक्यास-उल-हरारत' म्हणा. (ताप आलेल्या माणसाने हा शब्द उच्चारून दाखवावा.) दुसऱ्या पक्षाचे वहीदुद्दीन सलीम. त्यांचं म्हणणं, उर्दू इथल्याच मातीतली भाषा आहे, मग इथल्याच पद्धतीने जोडकाम करा. 'बर्क़' म्हणजे वीज. त्याला साधं हिंदी 'आना' लावा. 'बर्क़ाना', म्हणजे विद्युतभारित करणे. शुद्धतावाद्यांना हे बाटगं वाटणारच. पण टेलिव्हिजन हा शब्द तरी काय आहे? पुढचा अर्धा ग्रीक, मागचा अर्धा लॅटिन. इंग्रजीने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. सलीम यांचं शब्द घडवण्याच्या शास्त्रावरचं पुस्तकही अंजुमननेच काढलं.

स्वतः अब्दुल हक यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे इंग्रजी-उर्दू डिक्शनरी. 1937 मध्ये ती छापून झाली, दीड हजारावर पानं. कंपोझिंग, प्रूफं, सगळं हाताने. आम्ही तीस पानांच्या प्रोजेक्ट रिपोर्टला रडतो. शिवाय डिक्शनरीची गंमत अशी की ती कधी पुरी होतच नाही. आज ऑक्सफर्डवाले 2023 चा शब्द म्हणून 'रिझ' निवडतात, 2024 ला 'ब्रेन रॉट'. 2020 मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांच्या डिक्शनरीत आपली 'चाळ' पण जाऊन बसली. इंग्रजीचं बरं आहे, मिळेल ते उचलते. आपल्याकडे प्रत्येक शब्दाला आधी नागरिकत्व सिद्ध करावं लागतं.

त्याच वर्षांत तिकडे रत्नागिरीत सावरकर मराठीतून उर्दू-फारसी शब्द काढायला बसले होते. आणि इकडे औरंगाबादला अब्दुल हक यांनी मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, याच विषयावर उर्दूत एक पुस्तक लिहिलं. दख्खनी भाषेची जुनी हस्तलिखितं शोधून छापणारेही तेच. मुल्ला वजहीचं 1635 चं 'सब रस' त्यांनीच लोकांसमोर आणलं. आमच्या गल्लीतलं 'नक्को' हे आपल्या 'नको'वरून गेलंय आणि 'मैंइच'मधला 'च'ही मराठीच, हे दख्खनीचा कोणीही अभ्यासक सांगेल.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. हे शब्दांचं कारखानदारीचं काम निजामाच्या पैशावर चाललं होतं, आणि त्या राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी होती. माझे पणजोबा घरी मराठी बोलायचे, शाळेत उर्दू शिकले आणि हिशेब मोडीत लिहायचे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मातृभाषेत शिक्षण हा विचार अब्दुल हक यांनी जितका पुढे नेला तितका फार थोड्यांनी नेला असेल, पण इथल्या मराठी पोराची मातृभाषा त्यांच्या हिशेबात नव्हती.

माणूस म्हणून मात्र त्यांना जातपात दिसत नसावी. ते बीबी का मकबऱ्याच्या बागेत राहत. तिथे नामदेव नावाचा माळी होता, समाजाने खालच्या ठरवलेल्या जातीतला. त्याला मूलबाळ नव्हतं, झाडांनाच मुलं मानायचा. दुष्काळात रात्री-बेरात्री लांबून पाणी आणून त्याने बाग जगवली. पुढे एकदा मधमाश्यांचं मोहोळ उठलं, सगळे पळाले, हा कामात इतका गर्क की त्याला कळलंच नाही, आणि त्यातच तो गेला. अब्दुल हक यांनी ज्या पुस्तकात सर सय्यद आणि हाली यांच्यासारख्या थोरांची व्यक्तिचित्रं लिहिली, त्यातच या नामदेव माळ्याचंही लिहिलं. माझ्या मित्राने ते मला वाचून दाखवलं, मध्ये मध्ये थांबून अर्थ सांगत. मकबऱ्याला मी शंभर वेळा गेले असेन, फोटो काढायला.

1938 मध्ये अंजुमन दिल्लीला गेली. 1947 च्या दंगलीत तिचं ग्रंथालय लुटलं गेलं, आणि त्यानंतर अब्दुल हक कराचीला निघून गेले. वय पंचाहत्तरच्या पुढे. तिथे जाऊन पुन्हा अंजुमन उभी केली, उर्दू कॉलेज काढलं. पण 1954 मध्ये बंगालीला उर्दूच्या बरोबरीचा दर्जा देऊ नये म्हणून कराचीत जो मोठा मोर्चा निघाला, त्याच्याही पुढे हेच होते. आयुष्यभर भाषेसाठी झटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भाषेचं दुखणं कळू नये, हे मला अजून पटत नाही.

1958 मध्ये उर्दूच्या एका महाकोशाचं काम सुरू झालं, त्याचे पहिले मुख्य संपादक तेच. 16 ऑगस्ट 1961 ला कराचीत ते वारले. कोशाचा बावीसावा आणि शेवटचा खंड 2010 मध्ये आला. तेव्हा मी आणि माझा तो मित्र नुकते शाळेत जायला लागलो होतो, तो उर्दू शाळेत, मी कॉन्व्हेंटला.