कापडाचं दुकान विकून ताऱ्यांच्या मागे लागलेले विल्यम हगिन्स

लंडनमधल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी ७ फेब्रुवारी १८२४ रोजी विल्यम हगिन्स यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकायला जायचं ठरलं होतं. पण वडिलांचं दुकान अंगावर पडलं आणि पदवी राहूनच गेली. काही वर्षं गल्ल्यावर काढल्यावर त्यांनी चालता धंदा विकला, १८५६ मध्ये टल्स हिलला घर घेतलं आणि तिथंच वेधशाळा उभारली. आठ इंची भिंगाची दुर्बीण मिळवली. घरच्यांना हा काय उद्योग वाटला असेल, कल्पनाच केलेली बरी.

जर्मनीत किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांवरून तिथली मूलद्रव्यं ओळखता येतात, हे दाखवून दिलं होतं. हेच ताऱ्यांवर करून बघायचं हगिन्स यांनी मनावर घेतलं. शेजारी राहणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ॲलन मिलर यांना त्यांनी सोबत घेतलं.

काम सोपं नव्हतं. ताऱ्याचा उजेड तो केवढा? त्यातही लोलकातून गेला की पसरून आणखी फिका पडतो. तारा म्हणजे नुसता ठिपका, त्याचा पट्टा दोऱ्याएवढा बारीक. म्हणून दंडगोल भिंग लावून तो रुंद केला. पुढे जड काचेचे दोन लोलक, रेषा मोजायला छोटी दुर्बीण. खरी युक्ती वेगळीच होती. बाजूला धातूंमध्ये विजेची ठिणगी पाडायची आणि तिचा प्रकाश आरशानं त्याच फटीत सोडायचा. ताऱ्याच्या रेषा आणि लोखंडाच्या रेषा शेजारीशेजारी! जुळल्या की तिथं लोखंड आहे, एवढा रोकडा हिशेब. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, पृथ्वीवरचाच माल ताऱ्यांतही निघाला.

तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकागुच्छच, असं तेव्हा अनेकांना वाटे. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या तेजोमेघावर यंत्र रोखलं. सलग रंगपट्टा नाहीच, मोजून तीन ठळक रेषा. म्हणजे तो वायू होता. शौरीतल्या तारकागुच्छाचा पट्टा मात्र सलग निघाला. दिसायला सारखे, पण जात वेगळी.

१८७५ मध्ये त्यांनी डब्लिनच्या मार्गारेट लिंडसे यांच्याशी लग्न केलं. पुढचं काम दोघांचं, विशेषतः रंगपट्टांची छायाचित्रं. त्यांचं श्रेय बराच काळ नवऱ्याच्याच खात्यावर मांडलं गेलं.

हगिन्स १२ मे १९१० रोजी वारले. तेजोमेघातल्या हिरव्या रेषा कुठल्या, हे कोडं त्यांच्या हयातीत सुटलं नाही. नेब्युलियम नावाचं नवंच मूलद्रव्य असावं, असा तर्क चालला होता. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: तो अतिविरळ अवस्थेतला, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन होता.