डॉ. नारायण भास्कर खरे

डॉ. नारायण भास्कर खरे (१९ मार्च १८८४ – १९७०) हे मराठी राजकारणी, डॉक्टर आणि मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री होते. त्या काळी या पदाला प्रीमियर म्हणत. १९३८ साली पदत्याग करावा लागल्यानंतर काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना पक्षातील जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवले. पदावरून दूर झालेल्या व्यक्तीस पुढील पदांचे दरवाजे कोण आणि कुठवर बंद करू शकतो, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे चरित्र महत्त्वाचे मानावे लागते.

प्रारंभिक जीवन

खरे यांचा जन्म पनवेल येथे झाला. त्यांचे शिक्षण जबलपूर व लाहोर येथे झाले. लाहोरला वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते नागपुरात स्थायिक झाले आणि काँग्रेसच्या कार्यात उतरले. १९३५ ते १९३७ या काळात ते केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते.

मुख्यमंत्रिपद आणि पेच

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या आणि खरे यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. या प्रांतात हिंदी भाषक महाकोशल, मराठी भाषक नागपूर विभाग आणि वऱ्हाड असे तीन भाग होते. आज मोहाडी तालुका ज्यात आहे, तो भंडारा जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. काँग्रेसच्या प्रांतिक समित्याही तीन होत्या आणि त्यांच्यातील चढाओढ मंत्रिमंडळात उतरली. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे मंत्री आणि खरे यांच्यात तीव्र मतभेद निर्माण झाले. मे १९३८ मध्ये पचमढी येथे घडवून आणलेला समझोता टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी खरे यांनी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा देण्यास महाकोशलच्या तिन्ही मंत्र्यांनी नकार दिला. मंत्री गव्हर्नरची मर्जी असेपर्यंतच पदावर राहत असल्याने गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले. २१ जुलैला खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात दलित समाजातील रामेश्वर अग्निभोज यांचा समावेश होता. श्रेष्ठींच्या दडपणामुळे २३ जुलैला त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला.

अपात्रतेचा ठराव

त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. वर्धा येथील बैठकीत कार्यकारिणीने २६ जुलै रोजी खरे यांच्यावर ठपका ठेवला. पक्षांतर्गत वाद गव्हर्नरच्या अधिकाराच्या साहाय्याने सोडवला, हा मुख्य आक्षेप होता. गांधीजींनीही कार्यकारिणीची बाजू घेतली. त्यानंतर शुक्ल मुख्यमंत्री झाले. प्रांतिक मुख्यमंत्री विधिमंडळाला जबाबदार असतो, पक्षाच्या कार्यकारिणीला नव्हे, अशी खरे यांची भूमिका होती. ती त्यांनी एका इंग्रजी पुस्तिकेतून मांडली.

नंतरची पदे

हा ठराव पक्षाचा होता; त्याला कायद्याचे बळ नव्हते. म्हणून काँग्रेसबाहेर खरे यांना पदे मिळत राहिली. १९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे असल्याने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील जाचक कायद्यांचा प्रश्न त्यांना हाताळावा लागला. १९४७ मध्ये ते अलवर संस्थानाचे दिवाण व संविधान सभेचे सदस्य झाले. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांना अलवरमधील पदावरून दूर करविले. तरीही पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले आणि ग्वाल्हेरमधून पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. १९५९ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

अमेरिकेच्या संविधानात महाभियोगाने दूर केलेल्या व्यक्तीस भावी पदांसाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार सिनेटला आहे. भारतीय संविधानाच्या ६१ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींवरील महाभियोगासाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताची अट आहे. मात्र त्याचा परिणाम पदच्युतीपुरताच सांगितला असून पुढील अपात्रतेचा उल्लेख त्यात नाही. खरे यांच्यावर महाभियोग झाला नव्हता. तरीही पक्षाने घातलेली बंदी आणि कायद्याने घातलेली बंदी यांतील अंतर त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते: पक्षाने नाकारलेल्या नेत्याला मतदारांनी पुन्हा निवडून दिले, आणि कायद्याने त्यांना रोखले नाही.