विश्लेषण : ऑलिम्पिक पदकाची किंमत नेमकी कशी ठरते? खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकाची गोष्ट काय सांगते?

१९५२ मध्ये जगाच्या दोन टोकांना दोन छोट्या वस्तू तयार झाल्या. एक होती अमेरिकेत च्युइंगमच्या पाकिटातून मिळणारे बेसबॉलपटू मिकी मँटलचे कार्ड. दुसरी, फिनलंडमधील हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये साताऱ्याच्या खाशाबा जाधवांना मिळालेले कांस्यपदक. त्या कार्डाची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना विकली गेली. त्याच्या पाच वर्षे आधी, कुस्तीचे संकुल उभे राहावे म्हणून खाशाबांच्या कुटुंबाला ते पदक लिलावात काढण्याची घोषणा करावी लागली होती. जुन्या क्रीडावस्तूंची किंमत कशी ठरते आणि खाशाबांच्या पदकाला ते गणित लागू पडते का, हे समजून घेण्यासाठी आधी खाशाबांचे आयुष्य समजून घ्यायला हवे.

खाशाबा जाधव कोण होते?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाड्याचे वातावरण असल्याने लहानपणापासून ते लाल मातीत उतरले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या चलेजाव चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तिथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे त्यांची कुस्ती घडली.

अंगाने लहान, पण चपळाईत आणि डावपेचांत भारी, अशी त्यांची ओळख होती. त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे टोपणनाव मिळाले ते यामुळेच.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात खेळले. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या प्रवासासाठी मदत केली होती. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.  परत आल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांसाठी सराव वाढवला आणि वजनी गट बदलून बँटमवेटमध्ये उतरायचे ठरवले.

हेलसिंकीला जायला पैसे कुठून आले?

१९५२ मध्ये निवडीपासूनच अडचणी होत्या. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाल्याची खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळवली.

त्यानंतरचा प्रश्न प्रवासखर्चाचा. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. खाशाबा आणि त्यांच्या घरच्यांनी गावोगावी फिरून वर्गणी मागितली, गोळेश्वरकरांनीही जमेल तसा हातभार लावला. तरीही रक्कम कमी पडत होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. पदकाच्या किमतीची चर्चा करताना हा आकडा लक्षात ठेवायला हवा. ते पदक पहिल्या दिवसापासून कोणाच्या तरी घराच्या तारणावर उभे होते.

पदक कसे मिळाले?

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनी फ्रीस्टाइल गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. अंतिम टप्प्यात त्यांच्यासमोर जपानचे शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामदबेयोव होते. इशिईंसोबतची दमछाक करणारी लढत त्यांनी गमावली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना मामदबेयोव यांच्याविरुद्ध मॅटवर जावे लागले, असे सांगितले जाते. दोन लढतींमध्ये ठरावीक विश्रांतीचा नियम होता. मात्र त्यावर बोट ठेवायला भारतीय पथकातील कोणी अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. ती लढतही गेली. इशिईंना सुवर्ण, मामदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात कोल्हापूरचेच माणगावे चौथे आले. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकले. महाराष्ट्राची प्रतीक्षा तर ७२ वर्षांची होती. ती २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्निल कुसाळेच्या कांस्यपदकाने संपली.

परतल्यावर काय झाले?

कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. दीडशेहून अधिक गाड्या तिच्यात होत्या, असे सांगतात. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी सर्वांत आधी कोल्हापुरात कुस्त्यांचे आयोजन केले, स्वतः लढले आणि त्यातून आलेले पैसे प्राचार्य खर्डेकरांना देऊन त्यांचे घर सोडवले.

नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. बराच काळ बढती रखडली. निवृत्तीच्या थोडे आधी ते सहायक पोलिस आयुक्त झाले, पण त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

लिलावाचा विषय कुठून आला?

गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली होती. वर्षे उलटली तरी संकुल उभे राहिले नाही. जुलै २०१७ मध्ये खाशाबांच्या मुलाने जाहीर केले, की पदकाचा लिलाव करून त्या पैशांतून संकुल उभारू. देशभर बातम्या झाल्या आणि एक प्रश्न अनेकांना पडला. या पदकाला बाजारात किती किंमत येईल?

जुन्या क्रीडावस्तूंची किंमत कशी ठरते?

या बाजाराचे नियम सर्वांत काटेकोरपणे बेसबॉल कार्डांत दिसतात. तिथे किमतीचे चार आधार आहेत.

स्थिती : अमेरिकेत १९९१ पासून पीएसएसारख्या कंपन्या कार्डांना १ ते १० असा दर्जा देतात. छपाई चारही कडांपासून सारख्या अंतरावर आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्या आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडे किंवा डाग आहेत का, हे तपासले जाते. मग कार्ड प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून वर दर्जा लिहितात. दर्जा एका अंकाने वाढला की भाव मात्र अनेक पटींनी वाढू शकतो. १०० कोटींच्या मँटल कार्डाचा दर्जा ९.५ होता. हेच कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकले गेले होते.

दुर्मीळता : १९५२ च्या मालिकेतील शेवटची कार्डे हंगाम संपत आल्यावर बाजारात आली. ती खपली नाहीत. काही वर्षांनी कंपनीने उरलेला साठा चक्क समुद्रात बुडवला. मँटलचे कार्ड त्याच टप्प्यातले. होनस वॅग्नर या खेळाडूचे १९०९ ते १९११ दरम्यानचे तंबाखूच्या पाकिटातील कार्ड त्याहून दुर्मीळ आहे. त्याची अवघ्या २ दर्जाची प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली. वस्तू फारच दुर्मीळ असेल, तर झिजलेले कोपरेही चालतात.

मालकीचा माग : वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, याचे पुरावे. हा माग तुटला की किंमत कोसळते.

गोष्ट : त्या वस्तूमागचा माणूस आणि प्रसंग.

दर्जाचा शिक्का नेहमी खरा असतो का?

नाही. पीएसएने दर्जा दिलेले पहिले कार्ड वॅग्नरचेच होते. त्याला ८ दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे, २०१३ मध्ये, ते विकणाऱ्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की त्याने कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. वस्तू अधिक चांगली दिसावी म्हणून तिच्यात केलेला बदल हा या व्यवसायात दोषच मानला जातो.

पदकाला हेच गणित लागू पडते का?

अर्धेच. ऑलिम्पिक पदकाची रचना त्या स्पर्धेतील सर्व खेळांसाठी सारखी असते. हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तसेच पदक पडले. पदक गळ्यात घालण्याची पद्धत १९६० पासूनची, त्यामुळे त्यापूर्वीच्या पदकासोबत मूळ डबी असेल तर तिलाही मोल असते. धातूची किंमत मात्र नगण्य. मोल ठरते ते मालकीचा माग आणि गोष्ट यांवर. जेसी ओवेन्स यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जिंकलेल्या चार सुवर्णपदकांपैकी एक २०१३ मध्ये सुमारे १४ लाख ६६ हजार डॉलरना, तेव्हाच्या दराने ९ कोटींच्या आसपास, विकले गेले. हिटलरच्या बर्लिनमध्ये एका कृष्णवर्णीय धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली, या गोष्टीची ती किंमत होती.

खाशाबांच्या पदकाबाबत हे दोन्ही निकष भक्कम आहेत. पदक जिंकणाऱ्याच्या घरातच राहिले, त्यामुळे मालकीचा माग सरळ आहे. स्वतंत्र देशाचे पहिले वैयक्तिक पदक एकच असू शकते, म्हणून दुर्मीळताही निर्विवाद. उणीव आहे ती ग्राहकांची. अमेरिकेत क्रीडावस्तूंचा संघटित बाजार, दर्जा देणाऱ्या कंपन्या आणि जुन्या व्यवहारांच्या नोंदी आहेत. तुलनेसाठी आधीचे व्यवहार नसतील, तर वस्तू कितीही मोठी असो, आकडा अंदाजाच्या पलीकडे जात नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरातन वस्तू आणि कला संपदा कायद्यानुसार साधारणपणे १०० वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू पुरातन ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९५२ चे पदक या वयोमर्यादेत २०५२ मध्ये बसेल. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकाला केवळ वयाच्या आधारावर मिळणारे हे संरक्षण अजून लागू नाही.

घरात अशी वस्तू असेल तर काय करावे?

सातारा-सांगली पट्ट्यात हा प्रश्न अनेक घरांचा आहे. १९५२ मध्येच भारताला मद्रासमध्ये पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार विजय हजारे मूळचे सांगलीचे. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. गावोगावच्या पैलवानांच्या घरी गदा, फेटे, ढाली आणि सत्काराचे फोटो आजही फळीवर पडून आहेत. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी :

– पदक किंवा गदा चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. जुना रंग गेला की मोलही जाते.

– जुने फोटो आणि प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नका. कोरड्या जागी, आम्लविरहित कागदात ठेवा.

– वस्तू कोणाला, कधी, कोणत्या मैदानात मिळाली हे लिहून ठेवा. घरातील जाणती माणसे आहेत तोवरच हे शक्य आहे.

– मूळ डबी, पत्र, कात्रण, पावती काहीही फेकू नका. मालकीचा माग त्यातूनच सिद्ध होतो.

खाशाबांच्या पदकावर कोणी दर्जाचा शिक्का मारलेला नाही. त्याची खात्रीने सांगता येणारी रक्कम एकच आहे : ७ हजार रुपये. एका प्राचार्यांनी ती घर गहाण ठेवून उभी केली आणि खाशाबांनी पुन्हा कुस्त्या लढून फेडली.