विश्लेषण : वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन ते मोटारीचा सीट बेल्ट… कोण होते निल्स बोलिन?

मोटारीत बसल्यावर छातीवरून आणि मांडीवरून जाणारा पट्टा आपण सहज लावतो. १९५९ पूर्वीच्या मोटारींत मात्र तो नव्हता. हा पट्टा तयार करणारे स्वीडिश अभियंते निल्स बोलिन यांच्याविषयी…

विमानातून मोटारीकडे

बोलिन यांचा जन्म १९२० चा, स्वीडनमधील हर्नेसांडचा. १९४२ मध्ये ते साब या विमान कंपनीत रुजू झाले. संकटकाळी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर त्यांनी काम केले. अचानक बसणाऱ्या धक्क्याने शरीराचे काय होते, हे त्यांना तिथेच उमगले. व्होल्वोचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांचे एक नातेवाईक मोटार अपघातात दगावले होते. १९५८ मध्ये त्यांनी बोलिन यांना सुरक्षा अभियंता म्हणून नेमले.

नवे काय होते?

तोवरचा पट्टा बहुधा फक्त कमरेवर असे आणि बक्कल पोटावर येई. धडक बसली की वरचे शरीर पुढे फेकले जाई आणि पोटातील अवयवांना इजा होई. बोलिन यांनी छातीचा आणि कमरेचा पट्टा एकत्र आणला, बक्कल कंबरेच्या बाजूला नेले आणि पट्टा तीन ठिकाणी गाडीला जोडला. त्यामुळे धक्क्याचा भार छातीच्या व ओटीपोटाच्या मजबूत हाडांवर येऊ लागला. शिवाय तो एका हाताने लावता येई. ऑगस्ट १९५९ मध्ये हा पट्टा बसवलेली पहिली व्होल्वो पीव्ही ५४४ विक्रेत्याकडे पोहोचली.

पेटंट खुले, तरी विरोध

व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांनाही खुले केले. पण लोक पट्टा लावायला तयार नव्हते. १९६७ मध्ये बोलिन यांनी २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९५ किमीपेक्षा कमी वेगात कोणीही दगावले नव्हते. पट्टा नसलेले ताशी २० किमीच्या वेगातही दगावले होते. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावण्याची सक्ती केली. १९८५ मध्ये निवृत्त झालेले बोलिन २००२ मध्ये निधन पावले.

जुन्या गाडीच्या मालकांनी काय लक्षात घ्यावे?

भारतात नव्या मोटारींना पुढच्या आसनांसाठी पट्टा सक्तीचा झाला तो १९९४ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या अनेक पद्मिनी, अॅम्बेसेडर पट्ट्याविनाच रस्त्यावर आल्या. आज हौसेने जपलेल्या अशा गाडीत पट्टा बसवताना तो पातळ पत्र्यावर कसून भागत नाही. धडकेत बोल्ट पत्रा फाडून निघू शकतो. गाडीचा मजबूत भाग शोधून, मागून जाड पट्टी देऊन, जाणकाराकडूनच हे काम करून घ्यावे. गंजलेली गाडी असेल तर आधी गंज काढावा. पट्टा कितीही भक्कम असला तरी त्याची ताकद तो जिथे जोडला आहे तेवढीच असते.