हिवतापाचा माग काढणारे रोनाल्ड रॉस

मराठीत ज्याला आपण हिवताप म्हणतो, तोच शेजारच्या कन्नड घरातला चळिज्वर. नाव कोणतेही घ्या, हुडहुडी तीच. हा ताप डासामुळे येतो हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे; पण त्याचा पहिला धागा आपल्याजवळच, सिकंदराबादला सापडला, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा त्याच निजामी मुलखात होते. म्हणून हे चरित्र मला परके वाटत नाही.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अलमोडा येथे झाला. ओढा काव्याकडे, पण लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांच्या इच्छेखातर ते डॉक्टर झाले व 1881 मध्ये सरकारी वैद्यकीय सेवेत आले. लाव्हरां यांनी 1880 मध्ये रोग्याच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला होता. तो अंगात शिरतो कसा, हे कोडेच होते. 1894 मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी डासांविषयीचा आपला तर्क सांगितला आणि रॉस कामाला लागले.

हुसेन खान नावाचा रोगी दर डासामागे एक आणा घेऊन डास चावून घेई. 20 ऑगस्ट 1897 रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना वाढणारा जंतू दिसला. पुढे बदली झाली, काम खोळंबले. 1898 मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोचतो, हे त्यांनी दाखविले. माणसाच्या बाबतीतला पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रासी व सहकाऱ्यांनी दिला. श्रेयावरून कटू वादही झाला. 1902 चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. 16 सप्टेंबर 1932 रोजी ते निवर्तले.

हिवतापाच्या मुलखात वारंवार ताप सोसून वाचलेल्या मुलाच्या अंगी हळूहळू प्रतिकारशक्ती येते. पण ती येण्याआधीच कित्येक बालके दगावतात. तेवढी किंमत न मोजता संरक्षण मिळावे, हाच लसीचा खटाटोप. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पहिल्या लसीची शिफारस केली. 2023 मध्ये शिफारस झालेली ऑक्सफर्डची दुसरी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. लाळग्रंथीतून जंतू ज्या रूपात माणसात उतरतो, त्याच रूपाला ओळखायला या दोन्ही लसी शरीराला शिकवितात. रॉस यांनी दाखविलेली वाट अशी सव्वाशे वर्षांनी उपयोगी पडली.

त्यांचे नाव घेताना आण्यावर डास चावून घेणाऱ्या हुसेन खानाचेही घ्यावे, असे मला वाटते. आणि डासांची पैदास रोखा, हा रॉस यांचा जन्मभराचा आग्रह होता. तेव्हा आपल्या दारातले साचलेले पाणी तरी आपण उपसू या.