सुखात्मे आणि भुकेची रेघ

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे तेव्हा एकीकडे रोनाल्ड फिशर, तर दुसरीकडे नेमन आणि ईगॉन पिअर्सन होते. प्रयोगात दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे कसे ठरवावे यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद होते. त्याच वातावरणात सुखात्मे १९३६ मध्ये पीएच.डी. झाले.

भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणीचे सर्वेक्षण हाती घेतले. कापणीसाठी तुकडा फार लहान घेतला, तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगलेले दिसते, हे त्यांनी दाखवले. रोहिणखेडच्या शिवारात ज्वारी कापणाऱ्यालाही हे पटेल. अशी चूक शेकडो शेते मोजूनही जात नाही. नमुना मोठा केला की योगायोग घटतो. मोजण्यातला दोष तसाच राहतो.

पुढे १९५१ ते १९७० ते रोमला अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहत होते. निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी मोठा वाद ओढवून घेतला. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी रोजचे २,२५० उष्मांक धरून दारिद्र्य मोजले होते. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतो. सरासरीखाली असलेला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. रेघ सरासरीच्या बरीच खाली, दोन प्रमाण विचलनांवर हवी.

दांडेकर आणि आहारतज्ज्ञ गोपालन यांनी हरकत घेतली. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत मुलाच्या वाढीत आणि मजुराच्या ताकदीत मोजावी लागते. रेघ वर ठेवली तर धडधाकट माणूस उपाशी गणला जातो. खाली आणली तर खरा भुकेला यादीतून सुटतो. यातली कोणती चूक जास्त महाग, हे गणित सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते.

२८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे वारले. एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टर पुन्हा मोजतात, त्यामागे हाच विचार आहे. संशोधनाची बातमी वाचतानाही आकड्यासोबत विचारावे: किती जणांवर, किती वेळा आणि कसे मोजले?